स्कर्ट हा बायकांचाच पोशाख होता का? आणि आपला परकर त्यात धरायचा का?

नाही, फक्त बायकांचा कधीच नव्हता. इजिप्तच्या राजांचे जुने पुतळे बघा, कमरेला चुण्यांचं आखूड वस्त्रच असतं. ग्रीसमधले अध्यक्षांचे पहारेकरी आजही समारंभात फुस्तानेला, म्हणजे चुण्यांचा आखूड घागरा, घालतात, त्याला ४०० चुण्या असतात असं सांगतात. इस्त्री करणाऱ्याचे हाल विचारू नका! स्कॉटलंडच्या किल्टवर, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्यावर, तर ब्रिटिश संसदेने १७४६ च्या कायद्याने बंदी घातली. कारण राजकीय होतं, हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, लोकांनी बंड केलं होतं. सैन्यातल्यांना मात्र सूट होती. १७८२ साली बंदी उठली.

युरोपातल्या बायकांचे घागरे फुगत गेले ते १८५६ च्या सुमारास पोलादी पट्ट्यांच्या सांगाड्यावर. त्या फुगीर घागऱ्याला चुलीची ठिणगी लागून बायका भाजून मेल्या आहेत. मिनी स्कर्ट आला १९६० च्या दशकात, लंडनहून.

परकर धरायचाच की! बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खणाचं परकर-पोलकं सणाला अजून शिवतात. खण येतो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. अरुंद पन्ह्याचं कापड, त्यामुळे परकराला तुकडे जोडावे लागतात. कन्नड शेजारणी त्यालाच लंगा म्हणतात, आणि मुली मोठ्या झाल्या की वर दावणी, म्हणजे ओढणीसारखं वस्त्र, येते. सीमेचा वाद काही असो, शिंपी एकच असतो. पुरुषांचं म्हणाल तर लुंगी आहेच, फक्त तिला कुणी स्कर्ट म्हणायचं धाडस करत नाही.