वाईट दिवसाला विचारून आकडा ठरव

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा राग आला. 'मावशी, रोज हजार शब्द लिहायचे ठरवले आणि आठवडाही टिकलं नाही, माझ्यात डिसिप्लिनच नाहीये.' कोण म्हणतंय हे? रात्री दोनला फीडर ट्रिप होऊन लाईट गेली म्हणून रेनकोट चढवून लाईनमनच्या मागे चिखलातून जाणारा माणूस. परत आल्यावर पुन्हा सकाळी नऊला ऑफिसात कंप्लेंटचं रजिस्टर घेऊन बसणारा माणूस. तुझ्यात डिसिप्लिन भरपूर आहे रे, आकडा चुकलाय. एवढंच झालंय, आणि एवढ्यासाठी तू स्वतःच्या स्वभावावर पानभर लिहिलंस. तेवढं कथेत लिहिलं असतंस तर आजचा दिवस भरला असता.

रोज हजार शब्द तू कधी ठरवलेस ते मी इथे बसून सांगू शकते. रविवारी दुपारी. जेवण झालेलं, फोन शांत, कथेची सुरुवात डोक्यात आधीपासून तयार, एका बैठकीत हजार झाले आणि तुला वाटलं हे तर रोज जमेल. सोमवारी सातशे झाले. मंगळवारी तीनशे, आणि सोबत अपराधी वाटणं फ्री. बुधवारी वादळ, तीन पोल पडले, शून्य. गुरुवारी तू हिशोब मांडलास, मागचे दोन हजार अधिक आजचे हजार म्हणजे तीन हजार, आणि लॅपटॉप उघडलाच नाहीस. उघडशील कसा? तीन हजार शब्द डोक्यावर घेऊन कोणीही उघडणार नाही.

आता नीट ऐक, कारण पुढे मी हेच परत परत सांगणार आहे. आकडा वाईट दिवसाला विचारून ठरवायचा. चांगला दिवस काहीही सांगतो, त्याला विचारायचंच नाही. तुमच्या वीज खात्यात डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवताना जास्तीत जास्त लोड किती येईल ते बघतात ना, उन्हाळ्यात सगळे पंप आणि कूलर एकदम चालू झाले तर किती ओढतील ते, इथे त्याच्या बरोबर उलटं. इथे कमीत कमी बघायचं. तू थकलायस, साहेबाने झापलंय, अंग दुखतंय, घरी पाहुणे आहेत, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अशा वेळी अंथरुणावर पडून मोबाईलवर तू किती शब्द टाईप करशील? तो तुझा आकडा. मला विचारशील तर दीडशे. दोनशे म्हणशील तर म्हण, पण तू उत्साही आहेस म्हणून मी दीडशेच म्हणेन. (आजारपण, हॉस्पिटल, घरात कोणी गेलं, हे दिवस यात धरायचे नाहीत. ते दिवस सोडून द्यायचे. मी नेहमीच्या वाईट दिवसाबद्दल बोलतेय, आणि तसे महिन्यात पंधरा असतात.)

आता तू लगेच म्हणणार, दीडशेने काय होणार? तू इंजिनियर आहेस, गुणाकार कर. वर्षातले पासष्ट दिवस वाया गेले असं धर, उरले तीनशे. 45 हजार शब्द. मराठीत एवढी छोटी कादंबरी होते. आणि मराठीत हे मुद्दाम म्हणतेय, कारण तू जे आकडे इंटरनेटवर वाचतोस ते सगळे इंग्रजीचे. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे आपल्याकडे दोन शब्द झाले, इंग्रजीत हेच आठ होतात. तेव्हा कोणी गोरा लेखक रोज हजार लिहितो म्हणून आपणही हजार, हा हिशोबच मुळात कच्चा आहे. आपले हजार म्हणजे बरंच जास्त काम.

गेल्या नोव्हेंबरात तू ते महिन्यात 50 हजार शब्दांचं आव्हान घेतलं होतंस ते मला माहितीये, तुझ्या आईनेच सांगितलं. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एकवीस जणांनी ते सुरू केलं, नंतर जगभर लाखो लोक करायला लागले, आणि ते चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली. मी त्याला नावं ठेवत नाही, कितीतरी लोकांचा पहिला खर्डा त्यातून झाला असेल. पण 50 हजार भागिले 30 म्हणजे रोजचे 1,667, इंग्रजीत का होईना, आणि तेही नोव्हेंबरात. आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे कधी दिवाळी, मग तुळशीचं लग्न आणि त्याच्या पाठोपाठ माणसांची लग्नं. ज्या महिन्यात घरात धड बसायला जागा नाही त्या महिन्यात तू कादंबरी लिहायला निघालास, आणि नाही जमली म्हणून डिसेंबरभर तोंड पाडून बसलास. वाईट दिवसाला विचारलं असतंस तर त्याने तिथेच सांगितलं असतं.

मोठ्या लोकांची उदाहरणं तू मला फेकून मारतोस म्हणून मीपण दोन देते. अँथनी ट्रोलॉप, एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार, पोस्टात मोठ्या हुद्द्यावर नोकरी. पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. चाळीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. सगळे इथपर्यंतच सांगतात. पुढचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, त्याला पहाटे उठवायला एक नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. आपल्या यशाचं सगळ्यात जास्त श्रेय बहुतेक त्यालाच, असंही म्हणालाय, हे मात्र त्याचं मला आवडतं. मला कोण उठवणार होतं? मी उठून बाकीच्यांना उठवत होते, डबे भरत होते. म्हणून म्हणते, दुसऱ्याचा आकडा घेताना त्याच्या घरात कोण कोण राबत होतं ते आधी बघ.

दुसरे आपले श्री. ना. पेंडसे. नोकरी बेस्टमध्ये. बेस्ट म्हटलं की लोकांना लाल बस आठवते, पण मुंबई शहरात, उपनगरं सोडली तर, बऱ्याच घरांना वीजही बेस्ट देते, म्हणजे तसे ते तुझ्याच खात्यातले. नोकरी सांभाळून त्यांनी एवढ्या जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. रोजचा आकडा काय ठेवला होता ते बाजूला ठेव, पण वीज खात्यात राहून लिखाण होत नाही हे निदान मला सांगू नकोस.

आणि तो अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे, ज्याचा तू फोटो लावून ठेवलायस. तो रोजचे शब्द एका तक्त्यावर मांडायचा, 450, 575, 462, 1250, 512, असे. मधला 1250 बघ. तो आकडा असा होता की दुसऱ्या दिवशी मासेमारीला जाताना मनाला टोचणी नको म्हणून आदल्या दिवशी जादा काम. त्याला चालायचं. तुला चालणार नाही. मी तुला कॅरी फॉरवर्ड अजिबात देणार नाही, ना पुढे ना मागे. आज पाचशे झाले? छान, उद्या दीडशे. आज शून्य? वाईट, उद्या दीडशे. उद्या कधीच तीनशे नाहीत. उधारी चढली की माणूस दुकानासमोरून जायचं टाळतो, तू गुरुवारी तेच केलंस. त्याची एक गोष्ट मात्र घे, पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबायचा तो. विहीर कोरडी होईपर्यंत उपसायचा नाही. तू रविवारी उपसलीस.

एखादा दिवस चुकला तर सगळं संपलं असं तू लिहिलंयस, ते सोड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 माणसांवर सवयींचा अभ्यास केला, 2010 च्या सुमारास छापून आलाय. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254, म्हणजे ते '21 दिवसात सवय' वालं रील डिलीट कर. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात आहे. फक्त ते लोक रोज एक फळ खाणं किंवा जेवणाआधी चालून येणं असल्या साध्या सवयी लावत होते, त्यांच्यातल्या कुणी हजार शब्द घेतले नव्हते. सोपं होतं म्हणून चुकल्यावर परत येता आलं. फिरून फिरून मी तिथेच येतेय, मला माहितीये. येऊ दे.

माझं सांगू? पेपरच्या नाइट डेस्कला होते तेव्हा बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटली की शहर आवृत्तीची पानं लागेपर्यंत थोडा वेळ मिळायचा. सगळे खाली चहाला जायचे. मी वृत्तसंस्थेच्या बातम्यांच्या प्रिंटआऊटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे, दीडशे झाले की कागद पर्समध्ये. एक वरिष्ठ मला सगळ्यांसमोर 'दीडशेवाली बाई' म्हणायचे. कादंबऱ्या अशा वाण्याच्या पुडीवर होत नसतात, त्याला झपाटलेपण लागतं, महिनाभर रजा टाका, माथेरानला जा आणि लिहा, असं त्यांचं म्हणणं. काही वर्षं मला ते खरंही वाटलं. मग मी दीडशे सोडले आणि रजेची वाट बघत बसले. मुलीची दहावी झाली की, सासूबाईंचं ऑपरेशन झालं की, निवडणुका झाल्या की. महाराष्ट्रात निवडणुका कधी होतात का रे संपून? त्या वर्षांचं माझ्याकडे एक पान नाही. मला वाईट वाटतं ते त्याचंच, माणसं मला वेळ देत नव्हती याचं नाही, माझ्याकडे वेळ होता आणि मी तो छोटा म्हणून घेतला नाही.

नंतर परत दीडशेवर आले आणि मग उतरले नाही. दोन कथासंग्रह आहेत, बारीक आहेत, लोक हातात घेऊन वजन करतात आणि म्हणतात एवढंच? हो, एवढंच. पण त्यातली प्रत्येक ओळ नोकरी आणि घर चालू असताना झालीये, आणि महिनाभर रजा टाकायला सांगणाऱ्या त्या वरिष्ठांची कादंबरी अजून यायचीये. हे मी तुला उगाच ऐकवतेय असं वाटेल. वाटू दे, या वयात थोडं ऐकवायचा हक्क आहे मला.

मोजायचं कसं ते पटकन सांगते. पुढे लिहिलेलं मोजायचं, खोडलेलं वजा करायचं नाही. कालचं सुधारत बसलास तर ते काम आहे, पण दीडशेत धरायचं नाही, नाहीतर तू पहिला परिच्छेद दिवाळीपर्यंत घासत बसशील. फेसबुक पोस्ट धरायची नाही, मला पाठवलेले लांबलचक मेसेज तर नाहीच नाही. बोलून टाईप करायचं असेल तर कर, साईटवरून परत येताना गाडीत मागे बसलेला असशील तेव्हा, पण ती भाषा वेगळी येते, पसरट येते, म्हणून निम्मीच धर. मोबाईलवर लिहितोस याची लाज बाळगू नकोस. गूगल डॉक्समध्ये शब्द आपोआप मोजून मिळतात, आम्ही पेन टेकवत टेकवत मोजायचो. आणि वाईट लिहिलं तरी चालेल. चालेल म्हणजे खरंच चालेल, दीडशेच्या दीडशे टुकार असले तरी त्या दिवसापुढे टिक करायची. सुचलं नाही तर सुचलं नाही का ते कथेतल्या माणसाच्या तोंडून लिही.

समर्थांची ती 'दिसामाजी काहीतरी' वाली ओळ तुला शाळेच्या फळ्यावरून पाठ असेल, आमच्याही होती. सगळे 'दिसामाजी' वर जोर देतात आणि स्वतःला छळतात. 'काहीतरी' वर दे.

आता तुझा खरा प्रश्न, दिवाळी अंकाला कथा पाठवू का. पाठव. बरेच अंक जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर घेतात, नंतर पाठवलीस तर संपादक फोनही उचलत नाही. आज जूनची दहा तारीख. कथा तीन हजारांची धरू, म्हणजे दीडशेने वीस दिवस. तीनातला एक दिवस तुझा वादळात जाणार, म्हणून वीसचे तीस कर. दहा जुलैला कच्चा खर्डा. मग चार दिवस बघायचाही नाही. मग दोन आठवडे त्यातला फापटपसारा काढायला, तुझ्याकडे तो असतोच, पावसाचं वर्णन तू तीनदा करतोस. जुलै संपता संपता कथा तयार. यात कुठेही रविवारच्या जोरावर काही ठेवलेलं नाही, बघ. रविवारी जास्त झालं तर मला सांगायचं पण नाही.

एक तारखेपासून करतो म्हणू नकोस. आजच. बारा वाजायच्या आत मला फक्त मेसेज पाठव, दीडशेच्या वर कितीही झाले असले तरी 'झाले' एवढंच लिही. कथा पाठवू नकोस, मी कच्चं वाचत नाही. आणि परवा तुमच्याकडे पुन्हा वादळ सांगितलंय म्हणे, तेव्हा चार्जर ऑफिसात विसरून येऊ नकोस.

मावशी