रत्नागिरीहून एका दिवसात गाडीने कुठला किनारी रस्ता करावा?

रत्नागिरी ते गुहागर, आणि तोही आरे-वारे मार्गेच. महामार्गाने गेलात तर समुद्र दिसणारच नाही. आरे-वारेच्या घाटीवर गाडी नीट बाजूला लावून थांबा. खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात, मला तर हीच जागा साऱ्या वाटेत सर्वांत आवडते. पुढे गणपतीपुळे, मग मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. जयगडहून फेरीबोटीत गाडी चढवा, शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरा. हेदवीची बामणघळ मात्र भरतीच्या वेळीच गाठा. खडकाच्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला तिथे नुसती भेग दिसते. घळीच्या काठावर अजिबात जाऊ नका, खडक निसरडा असतो.