इन्स्टॉल: स्थापित, टाकणे, बसवणे की ठेवणे?

नाशिकरोडच्या एक शिक्षिका मुलांसाठी लिनक्स या विंडोजसारख्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या मराठी नोट्स लिहीत आहेत. एका धड्याला त्यांनी ‘स्वतःचे कमांड-लाइन प्रोग्राम कुठे स्थापित करावेत?’ (म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचे प्रोग्राम) असं शीर्षक दिलं आणि त्यातलं ‘स्थापित’ त्यांनाच खटकलं. त्या विचारतात, इथे कोणतं क्रियापद हवं? शिवाय वर्गातल्या एका मुलाची शंका आहे: प्रोग्राम ‘बिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात का?

‘स्थापित’ खटकलं ते योग्यच. घटस्थापनेत, मूर्तीच्या प्रतिष्ठापनेत हा धातू शोभतो. पण त्याचा उलट शब्द करून बघा. अनइन्स्टॉलला मग ‘विस्थापित करणे’ म्हणावं लागतं. ज्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्या माणसांसाठी आपण राखलेला हा शब्द एखादी फाइल पुसण्यासाठी वापरायला माझं मन धजत नाही.

बोलताना आपण सर्रास ‘टाकणे’ म्हणतो. एमजी रोडवरच्या दुकानात लॅपटॉप पुढे करून ‘दादा, यात विंडोज टाकून द्या’ म्हटलं की दुकानदाराला बरोबर कळतं. ‘यातलं विंडोज टाकून द्या’ म्हटलं तर तो नेमकं उलटं करेल. सगळा फरक त्या एका ‘तलं’चा! भाजीत मीठ टाकतात आणि केरही टाकतात. समोरासमोर संदर्भ सांभाळून घेतो. नवशिक्या मुलांच्या लेखी धड्यात मात्र मी ही जोखीम घेणार नाही.

‘बसवणे’ हा खरा कसदार शब्द. नळ बसवतो, विहिरीवर मोटर बसवतो, द्राक्षबागेत ठिबक बसवतो, अंगठीत खडा बसवतो. बसवलेली वस्तू जागेशी जोडली जाते, तिला जाणता हात लागतो, आणि काढायची म्हटली की पाना-पक्कड आलीच. लिनक्समधल्या यूएसआर-बिन (/usr/bin) या फोल्डरमध्ये जे येतं ते अगदी असंच येतं. तिथे पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम आणून देणारी सिस्टिमचीच सोय, प्रोग्राम बसवतो, त्याची नोंद ठेवतो आणि वेळ आली की काढतोही तोच. आपण मध्ये हात घालू नये. यूएसआर-लोकल-बिन (/usr/local/bin) ही जागा त्या यंत्राची व्यवस्था बघणाऱ्याची. सिस्टिमच्या अपडेटने तिथल्या फाइलींना धक्का लावायचा नाही, असा संकेत आहे. सगळ्यांसाठी असलेली ही जागा, म्हणून तिथे लिहायला बहुधा सुडो, म्हणजे व्यवस्थापकाचा अधिकार मिळवून देणारी आज्ञा, लागतं. तिथेही ‘बसवणे’ चालेल.

पण शिक्षिकांचा प्रश्न ‘स्वतःच्या’ प्रोग्रामचा आहे, आणि तिथे मी ठामपणे ‘ठेवणे’ म्हणेन. आपल्या होम फोल्डरमधला बिन, किंवा हल्ली जास्त रुळलेला, त्यातल्याच डॉट-लोकलच्या आतला बिन (~/.local/bin), ही घरातली आपली फळी. सुडो नको, कुणाला विचारायला नको. प्रोग्राम नको झाला की उचलला. लिनक्स जिच्या वळणावर घडलं त्या युनिक्स सिस्टिममधली ‘इन्स्टॉल’ नावाची कमांडच बघा ना. ती मुख्यतः दोनच कामं करते: फाइलची प्रत ठरलेल्या जागी ठेवते आणि तिच्या परवानग्या लावते. परवानगीचा आकडा ७५५ सांगितला तर मालकाने वाचावी, लिहावी, चालवावी; इतरांनी वाचावी आणि चालवावी. म्हणजे ‘नीट ठेवणे’च की!

आता त्या मुलाची शंका. हा बिन ‘बायनरी’चा, म्हणजे यंत्राच्या भाषेतल्या प्रोग्राम-फाइलचा, संक्षेप आहे, डस्टबिनशी त्याचं नातं नाही. नाव बायनरीचं असलं तरी साध्या शेल स्क्रिप्टही, म्हणजे आज्ञा ओळीने लिहिलेल्या मजकुराच्या फाइलीही, तिथेच ठेवतात. ‘यूएसआर’ची कहाणी तर त्याला जरूर सांगा. हा ‘यूजर’चा संक्षेप. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते, तेव्हा वापरकर्त्यांची घरं खरंच यूएसआरमध्ये होती. पहिल्या डिस्कवर जागा पुरेना, म्हणून प्रोग्रामही तिकडे सरकले. पुढे माणसं दुसरीकडे राहायला गेली आणि पाटी तीच राहिली. आपल्याकडच्या गल्ल्यांसारखंच, कारागीर गेले तरी नाव टिकतं.

एक विचारलेलं नाही, पण सांगतो. त्याच धड्यात ‘पाथ’ येईल, त्याला ‘मार्ग’ करू नका. मूल एक रस्ता शोधत बसेल. इथला पाथ ही फोल्डरांची यादी असते. शेल, म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्राम, ती डावीकडून उजवीकडे चाळतं आणि त्या नावाचा जो प्रोग्राम आधी सापडेल तो चालवतं. यादीत नसलेल्या फोल्डरात ठेवलेलं त्याला दिसत नाही. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात हे घरचे दोन्ही बिन यादीत आपोआप येतात, पण लॉगिन करताना ते फोल्डर अस्तित्वात असले तरच. म्हणून धड्यात असं लिहा: ‘आधी फोल्डर करा, प्रोग्राम त्यात ठेवा, मग एकदा लॉगआउट होऊन परत या.’ आणि नको झाल्यावर काय करायचं तिथे, ‘काढा’.