समितीत कोण असावे यापेक्षा कोण राहून गेले ते पाहा

गावात पर्यटन सुरू करताना ग्रामपंचायत, वनविभाग, बचत गट आणि खोल्या देणारे शेतकरी यांना एकत्र कसे आणावे व समिती किती जणांची असावी, असे आपण विचारले आहे. सदस्यसंख्येबाबत माझा काही आग्रह नाही, पण समितीबाहेर कोण राहिले याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आमचे गाव सातारा-बामणोली रस्त्यालगत आहे. २०१२ मध्ये कास पठार जागतिक वारसा यादीत आले आणि सप्टेंबरच्या फुलांच्या हंगामात गर्दी वाढली, तेव्हा रस्त्याकडेच्या सात घरांनी निवास-न्याहारीच्या खोल्या काढल्या. पहिल्याच बैठकीला वरच्या वाडीलाही बोलवावे, असे मी म्हणाले होते. "ज्यांची एक खोली नाही, त्यांचा इथे काय संबंध?" असे विचारून थोरल्या चुलत्यांनी मला गप्प बसवले. आमच्या साऱ्या खोल्यांचे पाणी मात्र वाडीच्या झऱ्यावरून येत होते. पाहुण्यांच्या आंघोळी आणि चादरींच्या धुण्यापायी वाडीची टाकी भरेनाशी झाली आणि दुसऱ्या हंगामात, ऐन शनिवारी, वाडीने व्हॉल्व्ह बंद केला. संध्याकाळी मी वर गेले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पाव्हणं तुमचं, पैसं तुमचं, आन् पाणी तेवढं आमचं व्हय?" मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर प्रत्येक मुक्कामामागे ठरावीक रक्कम वाडीच्या टाकीसाठी वेगळी निघू लागली, भाकऱ्यांचे काम वाडीतल्या बचत गटाकडे आणि वाटाड्याचे तिथल्या मुलांकडे गेले. हिशेब ग्रामसभेत वाचला जातो.

वनविभागाची फार धास्ती घेऊ नका; कासला संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत आसपासच्या गावांतलेच लोक शुल्क घेतात आणि पठार राखतात. 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलारचे उदाहरण आपल्याला प्रत्येक जण देईल. तिथे २०१७ मध्ये शासनाने पुस्तके दिली आणि गावकऱ्यांनी आपली घरे वाचकांना उघडी केली, हे कौतुकाचेच आहे. परंतु पाचगणी-महाबळेश्वरची वर्दळ त्यांच्या शेजारी आधीपासून होती.

आमचे गाव लहान व बहुतांशी एकाच भावकीचे आहे. जिथे पंचायतीत दोन गट आहेत, तिथे एवढ्यावर भागणार नाही. चुलते आजही त्या रकमेला मदत म्हणतात. मी हिशेबाच्या वहीत ती दरवेळी 'वाडीचे पाणी' या नावानेच लिहिते.