लातूरच्या खोलीचं डिपॉझिट बुडालं तर बुडू द्या

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं. आता तिसऱ्या अटेम्प्टसाठी तिला लातूरला पाठवायचं ठरलंय. मुलगी म्हणते, अँजिओप्लास्टीनंतर आजोबांकडून जो व्यायाम करून घेत होते तो शिकायचाय, म्हणजे एक्सरसाइज फिजिऑलॉजी, तीही ऑस्ट्रेलियात. वडिलांचा प्रश्न: ‘डॉक्टर व्हायला निघालेली पोर जिममध्ये लोकांच्या उठाबशा मोजणार का?’

साहेब, ‘आम्ही नीट दिली’, ‘आमचे मार्क कमी पडले’ असं तुम्ही लिहिलंय. पेपर तिनं एकटीनं दिला. शेजारच्या मुलाचे मार्कही तुम्ही कळवलेत, ते मला कशाला हवेत? पोरीची भूक, झोप कशी आहे याबद्दल मात्र एक ओळ नाही. तिसरा अटेम्प्ट तिनं मागितलेला नाही. तुम्हीच ठरवलात आणि खोलीचं डिपॉझिट भरून मोकळे झालात. ते सोडून द्या, पण तिला पाठवू नका.

आता उठाबशांचं. व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून इन्सुलिनवरचा पेशंट व्यायामानंतर काही तासांनीही हायपोमध्ये जाऊ शकतो, म्हणजे त्याची साखर धोकादायक खाली येते. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणारं औषध, चालू असलेल्याची नाडी फारशी वाढतच नाही. नुसती नाडी बघून जोर ठरवला तर फसगत होते, तिथे बोर्ग स्केलवर ६ ते २० मध्ये ‘किती श्रम वाटतायत’ हे पेशंटलाच विचारावं लागतं. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार, असलेल्या आजोबांना ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवतात. धाप लागून ते थांबले तर थांबू देतात, स्टॉपवॉच मात्र चालूच ठेवतात. मग किती मीटर झाले, ऑक्सिजन कितीवर आला हे बघून व्यायामाचा डोस ठरतो. हो, व्यायामालाही डोस असतो, आणि तो चुकला की महागात पडतो. याला उठाबशा मोजणं म्हणत असाल तर सर्जरीला शिवणकाम म्हणा!

लेकीलाही सांगते. ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा वेगळा, मान्यता असलेला पेशा आहे. जुनाट आजाराच्या पेशंटला डॉक्टरनं त्याच्याकडे पाठवलं तर मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य विमा योजना, फीचा काही भाग देते. पण तिथली ही पदवी घेऊन भारतात आलीस तर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येणार नाही. तिथेच राहायचं नक्की नसेल तर एवढं कर्ज काढू नकोस. इथे आधी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, मग कार्डिओव्हॅस्क्युलर आणि रेस्पिरेटरीमध्ये, म्हणजे हृदय आणि श्वसनाच्या शाखेत, एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी. प्रवेश नीटच्या स्कोअरवरच होतो, कटऑफ एमबीबीएसच्या बराच खाली असतो. सुरुवातीचा पगार बेताचा. आणि जरा बरं वाटलं की पेशंट यायचे बंद होतात, त्यांना फोन करकरून बोलवावं लागतं. आधी एखाद्या कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेतात त्या विभागात, परवानगी काढून दिवसभर बसून ये.

त्यानंतरही तिचा होकार असला, तर कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, फॉर्म तिलाच भरू द्या, कॉलेजांचा क्रमसुद्धा.