प्रेडिक्शनचा प्लॉट आणि सामायिक लॉगिन: अटींमधल्या या दोन ओळी सोडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमचे जुने दिवस आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या ऑफिसात मोबाइल नेटवर्क प्लॅनिंगच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं एकच लॉगिन सगळे वापरत होते. कोणीतरी रात्रभर स्क्रिप्ट लावून हजारो प्रेडिक्शन (कुठे किती सिग्नल मिळेल याचे संगणकी अंदाज) चालवली, खातं गोठलं, आणि आता साहेब म्हणताहेत की दुसऱ्या ईमेलवर नवीन खातं काढा. वर तुम्ही विचारलंय की वापराच्या अटींमधलं खरोखर महत्त्वाचं काय आणि नुसता वकिली मजकूर कोणता.

नवीन खातं काढू नका. बंदीला वळसा घातल्याचं दिसलं तर आधीच्या खात्यातले प्रोजेक्टही हातचे जातील. सपोर्टला लिहा, स्क्रिप्ट काय करत होती ते खरंखरं सांगा आणि एपीआयचा (स्क्रिप्टने प्लॅटफॉर्म वापरायच्या अधिकृत वाटेचा) कोटा वाढवून मागा. एवढं पुरतं. (मी वकील नाही. प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या अटी वेगळ्या असतात, तुमच्या करारात काय लिहिलंय ते शेवटी तुम्हालाच वाचावं लागेल.)

आता खरा मुद्दा. या अटींमध्ये दोन ओळी जवळपास सगळीकडे असतात: एक, लॉगिन ज्याचं त्यानेच वापरायचं, दोन, प्रेडिक्शन हा अंदाज आहे, तो मोजलेलं कव्हरेज म्हणून दाखवायचा नाही. लोक पहिलीला परवाने विकायची युक्ती समजतात आणि दुसरीला कंपनीने स्वतःला वाचवायला घातलेली ओळ. माझ्या मते बाकी सगळ्या अटी एकीकडे आणि या दोन एकीकडे.

सातपुड्यातल्या एका डोंगरी तालुक्याचं काम आमच्या एजन्सीकडे होतं. साइट (टॉवरच्या जागा) कुठे शोधायच्या एवढंच ठरवायला सुरुवातीचं एक प्रेडिक्शन चालवलं होतं: 90 मीटरच्या चौकोनाला एकच उंची देणारा भूभाग डेटा, ट्यून न केलेलं (प्रत्यक्ष मोजमापांशी न जुळवलेलं) मॉडेल. त्याचा केएमझेड (गूगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची फाइल) सामायिक लॉगिनवरून कोणीतरी काढला, लेजंडशिवाय (रंगांचा अर्थ सांगणाऱ्या तक्त्याशिवाय), आणि तो फिरत फिरत एका कार्यालयात पोचला. तिथे सिग्नल नसलेल्या गावांची यादी बनत होती. दरीतली एक वाडी त्या प्लॉटवर (प्रेडिक्शनच्या नकाशावर) हिरव्या रंगात, म्हणजे सिग्नल आहे अशी आली होती. कार्यालयाने ती यादीतून काढून टाकली.

त्या वाडीत सिग्नल नव्हता. रेशनचं पॉस मशीन टेकडीवर नेऊन लोकांचे अंगठे घेतले जात. म्हातारी माणसं तेवढ्यासाठी चढ चढत.

आम्ही दुरुस्ती मागितली. कार्यालयाचं म्हणणं एकच: नकाशा तुमच्या एजन्सीच्या आयडीवरून निघालाय, तो चुकीचा असल्याचं लेखी द्या. पण नकाशा चुकीचा नव्हता, तो प्राथमिक होता, आणि हा फरक ऐकून घ्यायला तिथे कोणी तयार नव्हतं. आम्ही म्हटलं, नंतरचं प्रेडिक्शन बघा, त्यात वाडी लाल आहे. त्यावर विचारलं गेलं, मग यातलं अंतिम कुठलं? इथे सामायिक लॉगिन आडवं आलं. लॉगमध्ये प्रत्येक रन आणि प्रत्येक एक्सपोर्ट एकाच नावावर. कुठला प्लॉट कोणी, कशासाठी काढला हे सिद्ध करायला हातात काही नाही. प्लॅटफॉर्मच्या सपोर्टनेही सांगितलं की आमच्याकडे खात्याचं नाव आहे, माणसाचं नाही.

मग ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून फिरत सिग्नल मोजणं) मागितली. रस्ता धारेवरून जातो, गाडी धारेवरून गेली, रीडिंग उत्तम आली. वाडी खाली दरीत, तिथे गाडी जातच नाही. एकाने पायी जाऊन फोनवर रीडिंग घेतली, तर ती ‘विहित नमुन्यात नाहीत’ म्हणून परत आली. विहित नमुना कुठे मिळेल, याचं उत्तर कधीच मिळालं नाही. त्या फेरीत वाडी यादीत परत आली नाही. याचा राग अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माणसं समोर सांगताहेत की फोन लागत नाही, आणि टेबलामागचा माणूस कागदावरचा रंग दाखवतो.

दरी हिरवी का दिसते, हे तुमच्या साहेबांनाही समजावून सांगा. फुकट मिळणारा एसआरटीएमचा भूभाग डेटा फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानावरच्या रडारने 11 दिवसांच्या मोहिमेत गोळा केला. भारतासाठी बरीच वर्षं तो 90 मीटरचाच खुला होता. 30 मीटरचा 2014 पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागला. 90 मीटरच्या एका चौकोनात अरुंद घळीचा तळ आणि तिची कड एकत्र सपाट होतात, म्हणजे सिग्नल अडवणारी कडच गायब. वर मॉडेल, म्हणजे अंतरानुसार सिग्नल किती घटतो ते सांगणारं सूत्र, ‘हाता’ घराण्यातलं. योशिहिसा ओकुमुरा यांनी टोकियो आणि आसपास घेतलेली मोजमापं 1968 साली प्रसिद्ध झाली, त्यावरून मासाहारू हाता यांनी 1980 साली सूत्र बसवलं. ते 150 ते 1500 मेगाहर्ट्झ, 1 ते 20 किलोमीटर अंतर आणि 30 ते 200 मीटर अँटेना उंची एवढ्यापुरतं आहे. कॉस्ट-231 या युरोपीय संशोधन प्रकल्पाने ते 2000 मेगाहर्ट्झपर्यंत नेलं; तुमचा 2300 मेगाहर्ट्झचा बँड दोन्हींच्या बाहेर राहतो. मधल्या डोंगराच्या धारेवरून होणारं विवर्तन (लहरींचं कडेवरून वळणं) मूळ सूत्रात नाहीच, ते टूलमध्ये वेगळं चालू करावं लागतं.

त्यात रंगाचा घोळ. समजा उणे 105 डीबीएम आरएसआरपीच्या (फोनला मिळणाऱ्या सिग्नलच्या ताकदीच्या मापाच्या) वर सगळं हिरवं ठेवलं. मॉडेल मध्यक देतं, म्हणून बरोबर उणे 105 दाखवणाऱ्या ठिकाणी निम्म्या जागांवर सिग्नल त्याहून कमी असणार. अंदाज आणि प्रत्यक्ष सिग्नल यांतल्या तफावतीचं प्रमाण विचलन 8 डेसिबल धरलं, तर कव्हरेजच्या कडेला 90 टक्के खात्रीसाठी साधारण 10 डेसिबल मार्जिन (राखीव फरक) सोडावं लागतं. घराच्या आतला तोटा आणखी वेगळा. मार्जिन न सोडलेला हिरवा आणि सोडलेला हिरवा कागदावर अगदी सारखे दिसतात. म्हणून लेजंड कापलेला प्लॉट कोणाच्याही हाती देऊ नये, या बाबतीत मी हट्टी आहे. व्हॉट्सॲपवर केएमझेड तर कधीच नाही. पीडीएफ द्या, आणि तारीख, मॉडेल, डेटाचं रिझोल्यूशन, थ्रेशोल्ड (हिरव्या रंगाची सीमा), मार्जिन आणि चालवणाऱ्याचं नाव चित्रावरच छापा, वेगळ्या पानावर नको. प्राथमिक असेल तर ‘प्राथमिक’ हा शब्द नकाशावर आडवा, कापता येणार नाही असा.

नावानिशी लॉगिनला पैसे लागतात म्हणून साहेब कुरकुरतील. सगळ्यांना जमत नसेल तर निदान एक्सपोर्टचा अधिकार एकाच नावावर ठेवा आणि बाकीच्यांना फक्त बघण्याचं लॉगिन द्या. हे माझं मत आहे. मोठ्या कंपन्यांत वेगळी पद्धत असू शकेल.

ओघात आलंय म्हणून डेटाबद्दल थोडं. मॉडेल ट्यूनिंगसाठी ग्राहकांच्या फोनवरून आलेली मोजमापं चढवणार असाल तर आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक), नंबर वगैरे आधी काढून टाका आणि रीडिंग ग्रिडमध्ये (नकाशाच्या चौकोनांत) एकत्र करा. एका फोनचा रात्रीचा ठावठिकाणा म्हणजे त्या माणसाचं घर. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे चूकच. बाहेरच्या देशातल्या सर्व्हरवर काय चढवताय तेही बघा: फेब्रुवारी 2021 च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्यात 1 मीटर आणि उभ्यात 3 मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा आणि इथेच प्रक्रिया करायची. आणि दुसऱ्या कंपनीच्या साइट म्हणून ओपनसेलआयडी या टॉवरच्या खुल्या यादीतले बिंदू टाकू नका. ते फोनच्या रीडिंगवरून काढलेले अंदाज आहेत, टॉवरची सर्वेक्षण केलेली जागा नव्हे. शिवाय त्याचा परवाना श्रेय देण्याची आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याची अट घालतो.

प्लॅटफॉर्मवर साइट ठेवली म्हणजे प्रक्षेपणाची परवानगी मिळाली, असं समजणारे क्लायंटही भेटतात. सॅकफाची (दूरसंचार विभागाच्या समितीची) मंजुरी वेगळी, ती सरल संचार पोर्टलवरून घ्यावी लागते. आणि प्लॉटवर लाल डाग दिसला म्हणून सोसायटीला बाजारातला सिग्नल बूस्टर सुचवू नका. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि शेजारच्या साइटचा अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल) खराब होतो तो वेगळाच.

सपोर्टला लिहिताना खातं उघडा एवढंच मागू नका. गोठवण्याआधीचा पूर्ण ॲक्टिव्हिटी लॉग आणि प्रोजेक्टची प्रत त्याच मेलमध्ये मागा. जुने लॉग किती दिवस ठेवतात ते प्रत्येकाचं वेगळं असतं, उशीर करू नका. आणि त्या रात्रीच्या रनमधला एखादा प्लॉट क्लायंटकडे गेला असेल, तर तो प्राथमिक असल्याचं पत्र आजच पाठवा आणि पोच घ्या. मेलचा मसुदा इथे टाकलात तर बघून सांगतो.