ती ‘चालेल’ म्हणाली

‘ताई, मी ब्रिटनमध्ये एमएस्सी करतेय. इथल्या विद्यार्थी संघटनेत वेल्फेअर ऑफिसरच्या (विद्यार्थ्यांच्या अडीअडचणी बघणाऱ्या) पदासाठी उभी आहे. समोर तीन उमेदवार आहेत, तिघंही इथलेच. आई म्हणते, निवडणूक सोड आणि नोकरी शोध. भाषण मात्र छान झालंय. माझी फ्लॅटमेट (मराठीच आहे) मागच्या सत्रात किती वाईट अवस्थेत होती आणि मी तिला कसं सावरलं, ते त्यात आहे. नाव घेतलेलं नाही, तिला विचारलंही, ती ‘चालेल’ म्हणाली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी लढू की माघार घेऊ?’

आईचं आधी उरकते. हे पूर्णवेळ पद पगारी असतं, म्हणजे ती नोकरीच झाली. विद्यार्थी व्हिसावर ते २ वर्षांपर्यंत करता येतं, आणि तिथल्या १९९४च्या शिक्षण कायद्यानुसारही त्याहून जास्त काळ कुणी त्यावर राहू नये. आईला एवढं सांग. समोरचे तिघे कुठले आहेत, याचा विचार सोडून दे.

आता त्या ‘चालेल’कडे येते. पत्रात तो शब्द तू जाता जाता लिहिलायस. मी तिथेच थांबले.

आपण ‘चालेल’ कधी म्हणतो, आठव बरं. मुक्कामाला आलेले पाहुणे ‘अजून दोन दिवस राहू का?’ विचारतात, तेव्हा. मनात नसतं, पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही. इथे तर विचारणारी तू होतीस. तिच्यासाठी रात्री जागलेली, तिला समुपदेशकाकडे घेऊन गेलेली. तुला ‘नको’ कोणत्या तोंडाने म्हणणार होती ती?

नाव घेतलं नाही, हे कृपा करून पुन्हा सांगू नकोस. एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या चार-पाच जणांना ‘माझी फ्लॅटमेट’ म्हटल्यावर आणखी काय सांगायचं राहतं? भाषणाचा व्हिडिओ उद्या ओळखीच्या मराठी ग्रुपवरून फिरत तिच्या घरी पोचला, तर? तिच्या आईला यातलं काही माहीत आहे का? तू विचारलंस?

मला राग आलाय, कारण सांगितलेलं बाहेर जाणार नाही, याच विश्वासावर तू उभी आहेस ते पद टिकून असतं. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत नाइटलाइन असते. रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकून घेतात. पहिली १९७० मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झाली. फोन करणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही, म्हणून तर तो फोन करायला धजावतो. तुझं भाषण ऐकणाऱ्यांत मागच्या रांगेत असा एखादा मुलगा बसलेला असेल. इतरांचे डोळे भरून येत असतील आणि तो मनाशी ठरवत असेल, हिच्याकडे जायचं नाही. उद्या मीही हिच्या भाषणात असेन.

तो भाग आजच काढ. ‘एक मैत्रीण’ वगैरे करून सौम्य करत बसू नकोस, सगळा काढ. मग तिच्याकडे जा आणि सांग, ‘मी ते काढलंय. तुला विचारायलाच नको होतं, माझं चुकलं.’ ‘काढू का?’ असं विचारू नकोस. ‘राहू दे गं’ म्हणेल ती, आणि तू पुन्हा ते खरं मानशील.

रिकाम्या झालेल्या जागी काय बोलायचं? तिच्यासोबत फिरताना तुला विद्यापीठ आतून दिसलं, ते बोल. समुपदेशनाची पहिली वेळ मिळायला किती आठवडे लागतात, निबंधाची मुदत वाढवून घ्यायला तोच पुरावा किती ठिकाणी दाखवावा लागतो, शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर कुणाला गाठायचं. हे प्रश्न कुणा एकीचे नाहीत, ते बिनधास्त मांड. वेल्फेअर ऑफिसरने एकटीने कुणाला बरं करायचं नसतं. माणसाला योग्य दारापर्यंत न्यायचं आणि ते दार बंद का, हे बैठकांमध्ये बसून पुन्हा पुन्हा विचारायचं. तू हे आधीच करून बसली आहेस. मला तर वाटतं, तुला हे काम येतं.

त्यामुळे माघार घेऊ नकोस. लढ. आणि व्हिडिओ कुठे टाकला असशील, तर तिच्या खोलीत जाण्याआधी तो उतरव.